मदत हवी आहे: सोलापूरची गाडी, मनालीचा बर्फ

नमस्कार मंडळी,

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उरकली की स्वतःच्या गाडीने मनालीला निघायचं चाललंय. मी, बायको, दोन मुलं आणि सत्तरीतले वडील. गाडी डिझेल, ताकद पुढच्या चाकांना, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. वीस वर्षं चालवतोय. हैदराबाद रोड, तुळजापूरचा घाट, रात्रीचा विजापूर रोड, सगळं झालंय. पण बर्फ आमच्याकडे फक्त गोळेवाल्याच्या गाड्यावर दिसतो.

धास्ती बसली ती दोन वर्षांपूर्वी. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला टॅक्सीने गेलो होतो. सकाळचे नऊ, ऊन पडलेलं, रस्ता नुसता ओलसर दिसत होता. डोंगराच्या सावलीतल्या एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगाने कठड्याकडे सरकत राहिली. आत कुणी ओरडलंही नाही. बंपर टेकला तेव्हा 'टक्' असा एवढासा आवाज आला. खाली उतरलो तर मला उभंही राहता येईना.

तर हा बर्फ आधी ओळखता येतो का? गाडी घसरलीच तर हातापायांनी नेमकं काय करायचं? चाकाच्या साखळ्या इथून न्याव्यात का? आणि निघण्याआधी गाडीचं काय करून घेऊ? गॅरेजवाला म्हणतो, "काही लागत नाही मालक, टायरची हवा जरा कमी करा." मला ते पटेना म्हणून इथे विचारतोय. 'जाऊच नका' हे घरात रोज ऐकतोय, तेवढं सोडून बोला.

हिमभटक्या:
दादा, हवेचं गणित उलटं आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की १ पीएसआय (टायरच्या हवेच्या दाबाचं माप) हवा आपोआप घटते. सोलापुरात दुपारी ३० अंशांत ३३ भरलीत तर मनालीत पहाटे उणे ३ अंशांत नुसत्या थंडीनेच पाच-सहा पीएसआय उतरेल. आणखी कमी कशाला करता? तिथे पोचल्यावर सकाळी, टायर गार असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याला आणा.

त्याहून महत्त्वाचं रेडिएटर. आपल्याकडे उन्हाळ्यात काटा वर गेला की बिसलेरीची बाटली ओतायची सवय. दोन-चार उन्हाळे असे गेले की आत कूलंट (पाणी गोठू न देणारं द्रव) नावापुरतंच उरतं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या, उणे ३५ च्या आसपासपर्यंत काळजी नाही. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढा. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला, थंडीत ती सगळ्यात आधी मान टाकते. कडक थंडीत आपल्याकडचं डिझेल घट्ट होऊ शकतं; ते वाटेतच संपेल, शेवटची टाकी हिमाचलात भरा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले लायनर ड्रमला चिकटून गोठतात. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. काचेवर गरम पाणी ओतलंत तर काच गेली म्हणून समजा.

कुलूत तीन हिवाळे:
तुमची टॅक्सी ज्यावर घसरली त्याला काळा बर्फ म्हणतात, पण तो काळा नसतो. काचेसारखा पातळ थर, खालचं डांबर दिसतं म्हणून आपण फसतो. सावलीतली वळणं, झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा आणि पूल, इथे तो असतो. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांखालून पाणी उडत नाही, टायरचा आवाज एकदम बंद झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, की समजा तुम्ही त्यावर आहात. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, तीन हजार मीटर उंचीवर. आत कोरड्या रस्त्यावर पाय सैल सुटतो आणि बाहेर पडताच हा प्रकार. बोगद्याचं तोंड येण्याआधीच वेग उतरवा.

घसरली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, क्लच दाबून ठेवा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच हळू स्टिअरिंग वळवा. नजर कठड्यावर गेली की हात तिकडेच जातात. ब्रेक लावावाच लागला तर एबीएस असल्याने दाबून धरा. पायाखाली घरघरेल, घाबरून सोडू नका. पण थांबायला कोरड्या डांबराच्या दहापट अंतरही लागू शकतं, म्हणून मुळात अंतरच ठेवा. उतारावर दुसरा गिअर, चढावर निघतानाही दुसरा.

बर्फात अडकून इंजिन चालू ठेवलंत तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते बघा. नाहीतर विषारी वायू आत येतो, त्याचा वासही लागत नाही.

जुळे सोलापूर:
अण्णा, आपल्याला थोडा सराव आहे की ओ. पहिल्या पावसात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या काळ्या मातीवरून गाडी कशी जाते ते आठवा. तिथं कोण ब्रेक मारतं का? साखळ्या पुढच्या दोन चाकांना. तिशीच्या वर वेग नको, कोरडं डांबर लागलं की लगेच काढायच्या. घेतल्या तर इथंच पार्किंगमध्ये दोनदा चढवून बघा. लोक हसतील, हसू द्या. तिथं बोटं बधिर झाल्यावर पहिल्यांदा शिकू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज रेडिएटर उघडला. गॅरेजवाल्याने निघालेलं पाणी बादलीत दाखवलं, चहाच्या रंगाचं. उद्या सगळं बदलतोय, बॅटरीही. साखळ्या मागवल्यात, पण बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद असलेल्या) आणि साखळीवाल्या गाड्यांनाच पुढे सोडतात असं कळलं, त्यामुळे बोगद्यापलीकडचा एक दिवस तिथल्याच ड्रायव्हरची फोर बाय फोर घेणार. आपली गाडी मनालीत उभी राहील.

एकच अडचण उरली. वडील म्हणतायत, हँडब्रेक न ओढता गाडी डोंगरात उभी केलीस तर मला रात्रभर झोप लागणार नाही. त्यांना कसं समजवायचं, कुणाला सुचत असेल तर सांगा.