पीएचडी प्रवेशासाठी इंग्रजी श्रवण: रोज एक सराव चाचणी सोडवून कान तयार होत नाही

कानसेन

पीएचडीच्या प्रवेशासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: रोज एक सराव चाचणी सोडवा, गुण लिहून ठेवा, हळूहळू वाढतील. माझं मत उलट आहे. श्रवणाच्या चाचणीत ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, आणि रेकॉर्डिंग एकदाच. तुम्हाला किती कळतं ते ती मोजते, कळायला शिकवत नाही. अनेक विद्यापीठं ९ पैकी एकूण ६.५ ते ७ आणि प्रत्येक विभागात किमान ६ किंवा ६.५ मागतात. ७ साठी ४० पैकी साधारण ३० बरोबर लागतात. २५-२६ वर अडकलेला माणूस आणखी वीस चाचण्या सोडवून बहुतेक वेळा तिथेच राहतो, कारण जे शब्द काल ऐकू आले नाहीत ते आजही ऐकू येत नाहीत.

त्यावर उपाय श्रुतलेखन. शाळेत कंटाळवाणं वाटायचं तेच, फक्त शिस्तीने.

४० ते ६० सेकंदांचा तुकडा घ्या. त्याची माणसाने तयार केलेली लिखित प्रत हाताशी हवी. यंत्राने बनवलेल्या उपशीर्षकांवर विसंबू नका, नेमक्या अवघड जागी, म्हणजे नावं आणि पारिभाषिक शब्दांपाशी, ती चुकतात. आधी पूर्ण तुकडा काहीही न लिहिता ऐका आणि बोलणाऱ्याचं म्हणणं एका वाक्यात मराठीत सांगा. मग एकेक वाक्य थांबवून लिहा. एका वाक्याला जास्तीत जास्त ४ वेळा. तरी लागलं नाही तर जितके उच्चार-अवयव (सिलॅबल) ऐकू आले तितक्या छोट्या आडव्या रेघा मारून पुढे जा. शेवटी प्रतीशी ताडून पाहा आणि प्रत्येक चूक तीनपैकी एका खणात टाका: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, किंवा शेवटचा 'स' अथवा 'ड' सुटला.

दुसरा खण बघता बघता भरतो. एक वाक्य घेऊ: 'द सॅम्पल्स शुड हॅव बिन टेस्टेड अ‍ॅट अन अर्लिअर स्टेज.' यातला एकही शब्द पीएचडी करू पाहणाऱ्याला नवा नाही. पण कानावर पडतं ते 'शुडव्बिन् टेस्टिडटन् अर्लिअ'. 'हॅव'चा उरतो फक्त 'व्', आणि 'अ‍ॅट अन'चं होतं 'टन्'. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोराच्या अवयवांना वेळ मिळतो आणि मधलं सगळं चेपलं जातं. आपला कान ते चेपलेलं शोधायला शिकलेलाच नसतो. म्हणून 'नेक्स्ट डे' हे 'नेक्स्डे' होऊन निघून जातं आणि आपल्याला वाटतं वेग फार होता.

चुकलेल्या जागा तेवढ्या पुन्हा ऐका, डोळे मिटून, आवाज आणि शब्द एकमेकांवर बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा प्रतीशिवाय. एक मिनिटाच्या तुकड्यात साधारण १५० शब्द असतात आणि पूर्ण कामाला २५-३० मिनिटं जातात. तीसहून जास्त शब्द चुकले तर तुकडा तुमच्यासाठी जड आहे, पाचपेक्षा कमी चुकले तर हलका. पूर्ण चाचणी दहा दिवसांतून एक, तीही न थांबवता.

अनुस्वार

@कानसेन, श्रुतलेखनाची पद्धत तुम्ही नेमकी मांडलीत. पण ती कोणासाठी, हे न सांगता सगळ्यांच्या गळ्यात घालताय, तिथे माझा विरोध आहे.

२५ च्या पुढचा माणूस आवाजामुळे कमी आणि प्रश्नांमुळे जास्त गुण घालवतो. चाचणीच्या चार भागांपैकी तिसऱ्याचं उदाहरण घ्या. दोन विद्यार्थी आणि मार्गदर्शक बोलताहेत. प्रश्न: अभ्यासात मुख्य अडचण कोणती आली? पर्याय तीन: नमुना लहान होता, प्रश्नावलीची भाषा संदिग्ध होती, वेळ अपुरा पडला. एक जण म्हणतो, नमुना लहानच होता. दुसरी म्हणते, मलाही आधी तसंच वाटलं, पण लोकांना आपले प्रश्नच नीट कळले नव्हते. पहिला म्हणतो, हो, तेच खरं. यातले दोन पर्याय संभाषणात येऊन जातात. शब्द न् शब्द ऐकू आलेला माणूससुद्धा 'नमुना' ऐकल्याबरोबर खूण करून मोकळा होतो. ही चूक श्रुतलेखनाने सुटत नाही. ती सुटते सहमती कुठे झाली ते ऐकण्याच्या सवयीने, आणि ती सवय प्रश्न सोडवूनच लागते.

चौथ्या भागाचंही तसंच. एकच वक्ता, दहा प्रश्न, मध्ये विराम नाही. एखादा उच्चार लागला नाही म्हणून कोणी बुडत नाही. ३३ वं उत्तर सुटलं, ते आठवत बसले, तोवर ३४ आणि ३५ निघून गेले, असं होऊन बुडतात. उपाय असा: नजरेत कायम दोन प्रश्न ठेवायचे, चालू आणि पुढचा. पुढच्याचा सुगावा लागला की चालू प्रश्न सोडून द्यायचा. शिवाय कागदावर 'आर्थिक पाठबळाचा अभाव' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं आणि वक्ता म्हणतो 'द फंडिंग ड्राइड अप'. हे जुळवणं हे वेगळंच कौशल्य आहे.

आणि वाक्य चार वेळा थांबवण्याची सवय लागली की मेंदू पाचव्या संधीची वाट बघतो. परीक्षेत ती नसते.

शुद्धलेखक

दोघंही अर्धे बरोबर आहात, आणि कोणता अर्धा कोणाला लागू हे चुकांवरूनच ठरवता येतं. सोडवून झालेली चाचणी घ्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचा उतारा लिखित प्रतीत आधी फक्त वाचा. वाचूनही कळत नसेल तर प्रश्न शब्दसंग्रहाचा. वाचून कळतं पण पुन्हा ऐकून कळत नाही, तर कानाचा. वाचून आणि ऐकून दोन्ही कळतं तरी उत्तर चुकलं, तर अनुस्वार म्हणतात तो. दोन चाचण्यांतल्या पंधरा-वीस चुका अशा वाटून घेतल्या की चित्र स्पष्ट होतं.

शब्दसंग्रहाचं ओझं किती, याचा ढोबळ अंदाज आहे. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ च्या गणनेनुसार बोलीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला ६,००० ते ७,००० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात. व्याख्यानांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी आहे, ५७० कुळांची. पीएचडीला जाणाऱ्याने ती डोळ्यांनी बहुतेक ओळखलेली असते, कानाने नाही. म्हणून यादी वाचू नका. प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकून तो लिहा.

आणि चौथं कारण दोघांनीही सोडलंत: ऐकलं बरोबर, लिहिलं चूक. 'अकॉमडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'एन्व्हायर्नमेंट'मधला न ऐकू येणारा एन. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही वर्णलेखनं चालतात, चुकीचं चालत नाही. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं असताना तीन लिहिले तर उत्तर गेलं. अनेकवचनाचा 'स' सुटला तरी गेलं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे रिकामी जागा ठेवण्यात काहीच राम नाही.

आकड्यांसाठी एक: 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' जोरावरून ओळखा असं सगळे सांगतात. पण 'फिफ्टीन' नामाच्या आधी आलं की जोर पहिल्या अवयवावर सरकतो आणि ती खूण फसवते. लांब 'ई' आणि शेवटचा 'न' पकडा.

द्रुतगती

मी तिसरीच गोष्ट सुचवेन: वेग. सवा पट वेगाने रोज अर्धा तास व्याख्यानं ऐका. दोन-तीन आठवड्यांत मूळ वेग संथ वाटू लागतो आणि परीक्षेत विचाराला जागा मिळते. लंडनच्या ग्रेशम कॉलेजची व्याख्यानं किंवा येल विद्यापीठाचे खुले अभ्यासक्रम घ्या, त्यांच्या लिखित प्रती मिळतात, एकात ब्रिटिश वळण आणि दुसऱ्यात अमेरिकन. श्रुतलेखनात मिनिटाच्या तुकड्यावर अर्धा तास घालवण्यापेक्षा अर्ध्या तासात सदतीस मिनिटांचं व्याख्यान ऐकून होतं.

कानसेन

@द्रुतगती, व्याख्यानांचे स्रोत उत्तम सांगितलेत. वेगाबद्दल मात्र असहमत. यंत्र वेग वाढवतं तेव्हा स्वर, व्यंजनं, विराम सगळंच सारख्या प्रमाणात आखडतं. माणूस भरभर बोलतो तेव्हा तसं होत नाही. जोराचे अवयव तो शाबूत ठेवतो आणि बाकीचे गिळतो. स्पष्ट बोलणाऱ्या प्राध्यापकाला सवा पट पळवलं तरी ऐकू येतो स्पष्ट बोलणारा प्राध्यापकच. 'शुडव्बिन्' त्यातून ऐकायला मिळत नाही. 'कॅन' आणि 'कान्ट'चं बघा. वाक्याच्या मध्ये 'कॅन' आखडून 'कन्' होतो, 'कान्ट'चा स्वर पूर्ण राहतो आणि शेवटचा ट बहुतेकदा ऐकूच येत नाही. होकार की नकार हे त्या स्वरावर ठरतं. हा फरक वेग वाढवून नाही, जवळून ऐकूनच पकडता येतो.

@अनुस्वार, पाचव्या संधीची सवय लागते हे मान्य. म्हणूनच पहिलं ऐकणं न थांबवता आणि एका वाक्यात सारांश, हे मी वर लिहिलं. ती पायरी गाळून थेट लिहायला बसलं तर तुमचा आक्षेप खरा ठरतो. सहमती कुठे झाली ते ऐकण्याबद्दलही मान्य. पण ती 'हो, तेच खरं' इतकी लहान असते आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर चढून येते. ती ज्याला ऐकू येत नाही त्याला युक्ती सांगून काय उपयोग?

टिपणवही

सगळे आयईएलटीएसवरच बोलताय. टोफेल ही दुसरी इंग्रजी परीक्षा देणाऱ्यांनी इथला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. आयईएलटीएसमध्ये प्रश्न आधी दिसतात आणि ऐकता ऐकता उत्तर लिहायचं असतं, म्हणून वेगळी टिपणं काढणं म्हणजे लक्ष वाटून टाकणं. टोफेलमध्ये शैक्षणिक भाषण आधी, प्रश्न नंतर. तिथे टिपणं लागतात, पण वाक्यांची नाही. पानाच्या डावीकडे मुद्दा, उजवीकडे उदाहरण किंवा कारण, आणि वक्त्याने मत बदललं तिथे बाण. 'हॅविंग सेड दॅट', 'हाऊएव्हर', 'दॅट ब्रिंग्ज मी टू' हे शब्द आले की नवी ओळ. अशा भाषणाला पंधरा-वीस शब्दांपेक्षा जास्त टिपण झालं तर तुम्ही लिहीत होता, ऐकत नव्हता.

जुने सराव संच वापरणाऱ्यांनी हेही बघावं: जानेवारी २०२६ पासून टोफेलचं रूप बदललं आहे. पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवरून पुढच्याची काठिण्यपातळी ठरते आणि गुण १ ते ६ च्या पट्टीवर मिळतात. जुन्या संचांतली व्याख्यानं कानासाठी उपयोगी आहेत, वेळेच्या सरावासाठी नाहीत.

अनुस्वार

@कानसेन, सारांशाच्या पायरीमुळे माझा निम्मा आक्षेप गळून पडतो. उरलेला निम्मा वेळेबद्दल. बहुतेकांना परीक्षेची तारीख ठरल्यावर जाग येते. तीन आठवडे हातात असतील तर श्रुतलेखनाला रोज अर्धा तास देणं परवडत नाही. त्यात नवीन चेपलेले उच्चार अंगवळणी पडत नाहीत, पण प्रश्न वाचण्याची पद्धत नक्की सुधारते. आठवड्याला तीन चाचण्या, आणि प्रत्येक चाचणीपेक्षा तिच्या तपासणीला दुप्पट वेळ. प्रश्न वाचायला मिळणाऱ्या सेकंदांत प्रत्येक रिकाम्या जागेपाशी नाम, आकडा की विशेषण ते ठरवून घ्यायचं. तिसऱ्या भागात पर्यायांतला एकमेकांपासून वेगळा शब्द अधोरेखित करायचा, पूर्ण पर्याय नाही.

शुद्धलेखक

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी, कारण जुन्या सल्ल्यांत ती नसते. उत्तरं उतरवायला १० मिनिटं फक्त कागदावरच्या परीक्षेत. संगणकावर शेवटी २ मिनिटं मिळतात, तीही तपासायला. त्यामुळे संगणकावर देणाऱ्याने सरावातही थेट टंकलेखन करावं आणि हेडफोन लावावेत. कागदावर लिहून सराव करणाऱ्याला परीक्षेत ऐकताना कळफलकाकडे बघावं लागतं आणि पुढचा प्रश्न नजरेतून सुटतो.

कानसेन

@अनुस्वार, तीन आठवड्यांना तुमची योजना बरोबर. फक्त तपासणीच्या त्या दुप्पट वेळात, चुकलेल्या उत्तराच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य लिहून काढा. प्रत्येक चुकीमागे दहा सेकंदांचं श्रुतलेखन होतं, बाकीची चाचणी सोडून द्या. तीन महिने असतील तर मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे: पहिले दोन महिने चाचणी दहा दिवसांतून एकच, आणि चांगले संच शेवटच्या महिन्यासाठी न उघडता ठेवा.