सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून झाडांची छाटणी शिकावी का?

खारेगावकर:

वय ४६. ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत एकवीस वर्षं टेस्टिंगचं काम करतोय. हे सोडून मला झाडांचा सर्जन व्हायचं आहे. परदेशात ट्री सर्जन किंवा आर्बोरिस्ट म्हणतात: दोरावर झाडात चढायचं, आजारी किंवा धोकादायक फांदी नेमकी काढायची आणि झाडाला कमीत कमी इजा करायची. आपल्याकडे अशा माणसाला 'झाडवाला' म्हणतात आणि त्याच्याकडून फक्त तोडून घेतात.

हे डोक्यात शिरलं गेल्या मे महिन्यात. आमच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष छाटायला ठेकेदाराने दोन मुलं पाठवली. कमरेला कोयता, पायात काही नाही. दोर होता, पण तो फांदीला बांधलेला, माणसाला नाही. वरचा मुलगा फांदी वरूनच कापत होता. खालून आधी खाच घेतली नव्हती, त्यामुळे अर्धी कापली जाताच ती स्वतःच्या वजनाने मोडली आणि बुंध्याची साल पाच फूट सोलत घेऊन खाली आली. मुलगा दुसऱ्या फांदीला लोंबकळला म्हणून वाचला. मी गॅलरीत उभा होतो. त्याचे पाय हवेत हलताना पाहिले ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. पावसाळ्यात त्याच जखमेवर अळंबी उगवली.

मग वाचत गेलो. अमेरिकेच्या वन खात्यात अलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि तो भाग कोंडून टाकतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. तो राखून कापलं तर झाडाला ही भिंत नीट घालता येते, खोडाला घासून कापलं तर कुजण्याला सरळ गाभ्यापर्यंत वाट मिळते. दोन बोटांचा फरक, आणि आपल्या शहरात तो पाळला जाताना मी पाहिलेला नाही.

वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, मुंब्र्याच्या कातळांवर दोराचा सराव आहे. बचत दीड वर्षाच्या घरखर्चाएवढी. घराचे हप्ते अजून सहा वर्षं. पत्नी शिक्षिका, मुलगी दहावीत. 'मनाचं ऐका' असं कृपया लिहू नका. चुकत असेन तर नेमकं कुठे, ते सांगा.

नौपाडा_खजिनदार:

चुकताय, आणि हिशेबात चुकताय. नऊ वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून हे काम देणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आम्ही छाटणीसाठी तीन दरपत्रकं मागवतो आणि सर्वांत कमी दराचं घेतो. सभेत सभासद दरच विचारतात, कापायची पद्धत कुणी विचारत नाही. शिवाय ठेकेदाराचा दर कमी असतो कारण तो लाकूड घेऊन जातो. म्हणजे त्याचं पोट जास्त कापण्यावर भरतं. तुमचं शास्त्र सांगतं कमी कापा. मग तुमचा दर जास्त, तुमच्या हाती लाकूड कमी, आणि सभासदांना दिसणार काय? झाड जवळपास होतं तसंच. 'एवढे पैसे घेऊन केलं काय?' हा प्रश्न मला सभेत झेलावा लागेल.

शिवाय काम हंगामी. मार्चपासून सगळ्यांना एकदम घाई, कारण पावसाआधी छाटायचं असतं. नंतर पडलेली झाडं उचलायला महापालिका आणि अग्निशमन दल येतं, वाहिन्यांजवळच्या फांद्या महावितरण कापतं. उरलेले महिने हप्ते कशातून भरणार? मुलगी दहावीत असताना हा डाव खेळू नये असं मला मनापासून वाटतं. बारावी होऊ द्या, कर्ज फिटू द्या.

नेरुळकरीण:

माझे बाबा पाडेली होते. गुहागरकडे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. दिवसाला चाळीस माड चढायचे. तळपाय लाकडासारखे झाले होते, छातीवर माडाच्या खरवडीचे कायमचे व्रण. बावन्नाव्या वर्षी श्रावणात ओल्या माडावरून घसरले. खुबा मोडला. त्यानंतरची चौदा वर्षं ओटीवर बसून त्यांनी अंगणातल्या माडाकडे पाहत काढली.

तुमच्या लिहिण्यात 'व्हायचं आहे' असं आहे. बाबांना काय व्हायचंय ते कुणी विचारलं नव्हतं. मला राग तुमचा नाही, दादा. पण सेहेचाळीस हे चढायला सुरुवात करायचं वय नाही. बाबांनी बाराव्या वर्षी सुरुवात केली, तरी चाळिशीनंतर पहाटे उठताना गुडघे धरून बसत. शनिवार-रविवारचं गिर्यारोहण आणि रोज सहा तास झाडात राहणं यात फार अंतर आहे.

आणि तो लोंबकळलेला मुलगा. तुमच्या सगळ्या लिहिण्यात तो एकदाच येतो आणि नंतर झाडाचंच दुःख आहे. उद्या तुम्ही प्रमाणपत्र घेऊन याल, दर तिप्पट लावाल, आणि तोच मुलगा खाली उभा राहून रोजंदारीवर तुमचा दोर धरेल. त्याला झाड चढता येतंच. त्याच्याकडे नाही तो दोराला जोडायचा अंगावरचा पट्टा, शिरस्त्राण आणि विमा. हे त्याला मिळवून द्या, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

दोरावरचा:

घणसोलीत राहतो, अकरा वर्षं उंच इमारतींवर दोराने लटकून काम करतो. दोन झाडांची कामं मित्रासोबत केली आहेत. माझं मत: करा, पण आज जे तुम्हाला येतंय असं वाटतंय ते येत नाही असं धरून.

गिर्यारोहणाचा दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो, पडलात तर धक्का तो शोषतो. झाडात दिवसभर दोरावर बसूनच काम करायचं असतं, तिथे न ताणणारा दोर लागतो. कातळावर तुमच्या हातात करवत नसते. झाडात स्वतःच्या दोरापासून वीतभर अंतरावर चेनसॉ फिरते, म्हणून कापताना दोन स्वतंत्र जागी बांधलेलं असावं लागतं, त्यातला एक दोर शक्यतो पोलादी गाभ्याचा. खिळ्यांचे बूट फक्त पाडायच्या झाडावर, जिवंत ठेवायच्या झाडावर कधीच नाही.

वजनाचा अंदाज घ्या. एक फूट जाडीची, चार मीटर लांबीची ओली फांदी म्हणजे साधारण अडीचशे किलो. ती दोराने उतरवताना मीटरभर मोकळी पडली तर दोराला आणि वरच्या फांदीला बसणारा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. वरची फांदी आतून पोकळ असेल तर तीही येते, आणि तुम्ही बहुतेक तिलाच बांधलेले असता.

सर्वांत महत्त्वाचं: एकट्याने कधीच नाही. पट्ट्यात बेशुद्ध होऊन लटकलेला माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. खाली असा माणूस हवा जो लगेच वर चढून तुम्हाला उतरवू शकेल.

वयाचं म्हणाल तर झाडात पाच-सात वर्षं धरा. त्यानंतर जमिनीवरून झाड तपासायचं काम: लाकडी हातोडीने खोड ठोकून पोकळी ओळखणं, मुळं कुठे कापली गेलीत ते पाहणं. ते सत्तरीतही होतं, पण आधी वर गेलेल्या माणसालाच ते नीट जमतं.

कोपरी_एक:

नेरुळकरीण ताईंशी सहमत. माझा मेहुणा असाच पन्नाशीत हॉटेलच्या धंद्यात उतरला, दोन वर्षांत घर विकावं लागलं.

उद्यान_निवृत्त:

उद्यान विभागात एकतीस वर्षं काढली. दोन्ही बाजू वाचल्या, पण कायद्याचा विचार कुणीच केलेला दिसत नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५चा आहे. त्यात 'झाड तोडणे' या शब्दांत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळं येतं. खासगी जागेतलं झाडही त्यातून सुटत नाही. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. म्हणजे परवानगीशिवाय करवत लावायची नाही. एका परवानगीमागे किती फेऱ्या होतात हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय, आणि त्याची मला खंत आहे.

आता ठामपणे तुमच्या बाजूने. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांत सुरुवातीच्या काळात लावलेले पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर एकदमच म्हातारे होत आहेत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि केबलसाठी चर खणताना तोडलेली मुळं. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये झाडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं, ते आपल्या फुटपाथांवरही व्हायला हवं. तौक्ते वादळात मे २०२१मध्ये कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. त्या दिवशी आमच्या विभागाचा फोन थांबला नाही. पडलेल्या कितीतरी झाडांची मुळं मी स्वतः पाहिली, एका बाजूने सपाट कापलेली.

इमारतीच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवून झाड एकीकडे कलतं ठेवायचं, शेंडा छाटून 'सुरक्षित' केलं म्हणायचं, हे आम्ही केलं आणि आमच्या देखत झालं. शेंडा उडवला की फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि चार पावसाळ्यांनी तेच मोडतात. कुणीतरी हे काम मनापासून शिकतोय म्हटल्यावर मी अडवणार नाही.

एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर रातबगळे, गायबगळे, पाणकावळे यांची घरटी असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२नुसार ती हलवणं हाही गुन्हा आहे. दर देण्याआधी झाडाखाली उभं राहून वर पाहा.

नौपाडा_खजिनदार:

उद्यान विभागातल्या साहेबांचं पटलं, तरी माझा प्रश्न तसाच आहे. गरज आहे म्हणून पैसे मिळतातच असं नाही. ठाण्यातल्या तलावांनाही राखणदाराची गरज आहे. त्यासाठी नोकरी सोडून कुणी घर चालवू शकेल का?

खारेगावकर:

सगळं दोनदा वाचलं. खजिनदार साहेब, लाकडाचं गणित मला माहीत नव्हतं. त्यामुळे माझं दरपत्रक वेगळं लिहावं लागेल: छाटणीचा दर नाही, वर्षभर झाडं तपासण्याचा दर, एप्रिल ते मार्च, लिफ्टच्या देखभालीचा असतो तसा. लिफ्ट चालूच आहे म्हणून देखभालीचे पैसे कशाला, असं सभेत कुणी विचारत नाही. हे चालेल की नाही ठाऊक नाही, पण विचारायला तुमच्याकडेच येईन.

आंतरराष्ट्रीय आर्बोरिकल्चर संस्थेच्या परीक्षेला बसायलाच तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, संबंधित पदवी असेल तर कमी. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षाआधी परीक्षा नाही. हे पाहिल्यावर राजीनामा लगेच देत नाही. मुलीची दहावी होईपर्यंत नोकरी, सुट्टीच्या दिवशी जमिनीवरचं शिक्षण.

नेरुळकरीण ताई, तुमचं सर्वांत लागलं, कारण खरं आहे. मी त्या मुलाचं नावही विचारलं नव्हतं. काल ठेकेदाराकडून नंबर घेऊन भेटलो. जव्हारकडचा आहे, वय तेवीस. माझा पट्टा त्याला घालून पाहिला. म्हणाला, यात पाय अडकतात, मोकळं चढलेलं बरं. मी म्हटलं, अर्धा तास घालून बघ. तो आमच्याच पर्जन्यवृक्षावर चढला, करवत न घेता. दहाव्या मिनिटाला दोन्ही हात सोडून दोरावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर वरूनच विचारलं, 'हे किती रुपयांना मिळतं?'

नेरुळकरीण:

त्याच्या मापाचा वेगळा घ्या. तुमचा त्याला सैल होईल, आणि सैल पट्टा हा पट्टा नसल्यासारखाच. विम्यात त्याचं नाव तुमच्या नावाआधी घाला. आणि श्रावणात दोघांपैकी कुणीही चढायचं नाही, शेवाळ वाळेपर्यंत. मला अजूनही वाटतं तुम्ही चढू नये.

दोरावरचा:

खारेगावकर, येत्या रविवारी सकाळी सात वाजता घणसोलीला या, त्यालाही घेऊन या. बेशुद्ध माणसाला दोरावरून कसं उतरवायचं, तेच आधी शिकू. तो तुम्हाला उतरवेल, मग तुम्ही त्याला. दोघांनाही जमेपर्यंत करवत गाडीतच राहील.