'नॅचरल हेअर'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (पुण्याहून)

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. त्यात 'नॅचरल हेअर' सारखं येतं. "मी नॅचरल झाले", "मुलाखतीला नॅचरल जायची हिंमत नव्हती", "आमच्या घरात नॅचरल कुणीच नव्हतं". 'नैसर्गिक केस' लिहिलं की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, कलप न लावलेले. 'कुरळे केस' लिहावं तर निम्मा अर्थ सांडतो. आणखीही शब्द अडलेत: रिलॅक्सर, बिग चॉप, प्रोटेक्टिव्ह स्टाइल, नॅपी. 'लॉक्स'ला, म्हणजे केस वळून राखलेल्या घट्ट पेडांना, 'जटा' म्हटलं तर चालेल का? एका ओळीत फार तर सहा-सात शब्द मावतात, म्हणून तळटीपेची सोय नाही.

प्रतिसाद (नागपूरहून)

'निसर्गदत्त केस' कसं वाटतं? किंवा 'उपजत केस'?

प्रतिसाद (अटलांटाहून)

आधी शब्दाची व्याप्ती बघू, म्हणजे पर्याय तपासता येतील. मी बरीच वर्षं इथे राहते. शेजारणी, सहकारी, मुलीच्या मैत्रिणी यांच्या तोंडून हा शब्द रोज कानावर पडतो. त्यांच्या बोलण्यात 'नॅचरल'च्या उलट 'कृत्रिम' नाही, 'रिलॅक्स्ड' आहे. रिलॅक्सर लावून केसांचं वळण कायमचं मोडलेलं नाही, एवढाच त्याचा नेमका अर्थ. म्हणून केस लालभडक रंगवलेली बाई नॅचरल असू शकते. वर विग घालणारीही आत नॅचरल असू शकते. 'निसर्गदत्त' आणि 'उपजत' दोन्ही इथे फसतात, कारण रिलॅक्सर लावणारीचे केसही उपजतच असतात, मुळाशी ते रोज तसेच उगवत असतात.

रिलॅक्सर म्हणजे बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइड किंवा त्याच जातीचा तीव्र अल्कली. केसातल्या प्रथिनांना आकार देणारे गंधकाचे बंध तो तोडतो. त्वचेवर जास्त वेळ राहिला तर भाजतं. आठ-दहा आठवड्यांनी नवे केस मुळाशी वळण घेऊन वर येतात की पुन्हा तेच. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करायची रासायनिक उत्पादनं वारंवार वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अंदाजी प्रमाण ४.०५ टक्के आलं, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. कारण सिद्ध झालं असं त्यात म्हटलेलं नाही, संबंध दिसला एवढंच. पण माझ्या ओळखीच्या कितीजणींनी त्यानंतर डबा फेकून दिला.

मग "मी नॅचरल झाले" म्हणजे काय? तिनं काही नवीन केलं नाही, एक गोष्ट करायची सोडली. माझ्या मते ओळ अशी: "मी केस सरळ करणं सोडलं." यात वाचणाऱ्याला सगळं कळतं. 'बिग चॉप' म्हणजे रिलॅक्सर लागलेला सगळा भाग एकदाच कापून टाकणं, मग डोक्यावर इंचभर केस उरले तरी चालतील. ज्यांना तेवढं धैर्य होत नाही त्या वर्ष-दीड वर्ष हळूहळू टोकं कापत जातात. त्या काळात एकाच केसावर दोन पोत असतात आणि जोडावर केस तुटतो.

प्रतिसाद (ठाण्याहून)

व्याप्ती पटली. पण प्रत्येक ठिकाणी वाक्य फिरवून कसं चालेल? नाम हवंच. मी सुचवतो: 'मूळ वळणाचे केस'. आपण केसांच्या 'वळणा'बद्दल बोलतोच. शिवाय मराठीत 'वळण लावणं' म्हणजे शिस्त लावणं, आणि या स्त्रियांच्या केसांना दुसऱ्यांच्या पसंतीचं वळण लावण्याचाच तर हा इतिहास आहे. शब्द आपणहून दोन्ही अर्थ देतो.

प्रतिसाद (अटलांटाहून)

'मूळ वळणाचे केस' फार चांगला आहे. नाम म्हणून हाच घ्यावा असं मी म्हणेन. 'कुरळे'पेक्षा बरा, कारण कुरळ्या केसाचं आपल्या भाषेत कौतुक आहे, कृष्णाचे केस कुरळेच असतात. इथे ज्या केसांबद्दल बोलणं चाललंय ते त्याहून घट्ट, पेनातल्या स्प्रिंगसारखे. त्वचेखालचं मूळ चपटं आणि वाकडं असल्यामुळे केस वळत वळतच बाहेर येतो. डोक्याचं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून केस कोरडे पडतात आणि प्रत्येक वळणावर तुटायचा धोका असतो. ओले असताना खांद्याला टेकणारे केस वाळले की कानापर्यंत आखडतात.

त्यामुळे 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल' हा नटण्यापेक्षा राखणीचा शब्द आहे. टोकं आत दडवून केस काही आठवडे हात न लावता ठेवायचे. 'संरक्षक केशरचना' लिहिलं तर हेल्मेट आठवेल. 'केस जपायच्या वेण्या' लिहा. प्रकारांसाठी आपल्याकडे शब्द आहेत की! ट्विस्ट म्हणजे दोनपेडी पीळ. साधी वेणी तिपेडी. कॉर्नरोज म्हणजे सागरवेणी घालताना जसे पुढचे केस उचलत जातो तशाच, पण बारीक आणि ओळीनं डोक्याला घट्ट धरून घातलेल्या वेण्या. आजीच्या हाताखाली वेणी घालून घेतलेल्या कुठल्याही मराठी बाईला हे न समजावता कळेल.

प्रतिसाद (मुंबईहून)

मी कायद्याचं भाषांतर करते म्हणून एक आग्रह धरते. 'पोत' आणि 'केशरचना' हे दोन शब्द उपशीर्षकांत एकमेकांच्या जागी वापरू नका. सगळी कोर्टकचेरी या दोन शब्दांमधल्या फटीत झाली आहे.

१९८१ साली न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात रेनी रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स हा खटला झाला. कंपनीनं कॉर्नरोजना मनाई केली होती. न्यायालयाचं म्हणणं असं की वेण्या ही घालण्या-सोडण्याची गोष्ट आहे, वंशाचं ते अचल लक्षण नाही. वर असंही नोंदलं की ही रचना बो डेरेक या गोऱ्या नटीनं चित्रपटात घातल्यावर लोकप्रिय झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या आया मुलींच्या डोक्यावर घालत आलेली वेणी एका नटीच्या नावावर गेली. हे वाचताना आजही माझा संताप होतो.

पुढे २०१० साली अलाबामातल्या मोबाइल शहरात चॅस्टिटी जोन्सला फोनवरच्या ग्राहकसेवेची नोकरी मिळाली आणि लॉक्स कापायला नकार दिला म्हणून गेली. तुझे तसे आहेत असं नाही, पण असे केस अस्ताव्यस्त होतात, अशा अर्थाचं तिला सांगण्यात आलं. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. मुद्दा पुन्हा तोच: पोत जन्माचा, रचना निवडीची. पण या केसांना कुठली तरी रचना केल्याशिवाय राहताच येत नाही, आणि पोताला मानवणाऱ्या रचना वेण्या, पीळ, लॉक्स याच. पोत चालेल पण रचना चालणार नाही, याचा अर्थ घरी रिलॅक्सर आणा.

म्हणूनच ३ जुलै २०१९ला कॅलिफोर्नियात केसांवरून भेदभाव करायला मनाई करणारा क्राउन कायदा झाला तेव्हा त्यात 'केसांचा पोत' आणि 'केस जपायच्या रचना' असे दोन्ही शब्द मुद्दाम घातले, वेणी, लॉक्स, पीळ ही नावं घेऊन. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसा कायदा केला. संपूर्ण देशासाठीचं विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही. टेक्ससचं उदाहरण बघा: कायदा १ सप्टेंबर २०२३ला लागू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्याच न्यायाधीशानं सांगितलं की मुलाच्या केसांची लांबी शाळा ठरवू शकते, कायद्यात 'लांबी' हा शब्द नाही. डॅरिल जॉर्ज त्या मुलाचं नाव, त्याचे लॉक्स डोक्यावर बांधलेले असायचे. एक शब्द कमी पडला म्हणून हे झालं.

लष्कराचंही सांगते. अमेरिकी सेनेच्या २०१४च्या नियमांत वेण्या आणि लॉक्सबद्दल 'गुंतलेले' आणि 'गबाळे' अशा अर्थाचे शब्द होते. कृष्णवर्णीय स्त्री सैनिकांनी आणि खासदारांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी ते काढले गेले. लॉक्सना परवानगी २०१७ मध्ये मिळाली.

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

'जटा'बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कृपा करून 'जटा' वापरू नका, आणि 'जट' तर मुळीच नको.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. आमच्या भागात बाईच्या डोक्यात जट झाली की ती देवीची खूण समजतात, यल्लम्माचं बोलावणं मानतात. विंचरायचं बंद होतं, वर हळदकुंकू चढतं, कापलं तर कोप होईल अशी घरादाराला धास्ती. याच जटेपायी कित्येक मुली देवाला सोडल्या गेल्या. जट काढायला आम्ही घरी जातो तेव्हा कात्री सगळ्यात शेवटी निघते, आधी पुष्कळ बोलावं लागतं. जड झालेल्या मानेला आराम पडला की बाई रडते. अशी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पडद्यावर 'जटा' वाचून वेगळंच काही दिसेल.

क्रियापदं बघितली तरी फरक कळतो. जट 'येते' किंवा 'होते', लॉक्स 'वळतात'. जट न विंचरल्यामुळे आपोआप होते, लॉक्स मुळाशी नेटके भाग पाडून, धुऊन, पुन्हा पुन्हा वळून राखतात. एक भीतीपोटी, दुसरं स्वतःच्या इच्छेनं. साधूच्या जटेला मान आहे हे खरं, पण तो मान आपण बाईला कधी दिला नाही. 'लॉक्स' तसाच ठेवा.

प्रतिसाद (अटलांटाहून)

कोल्हापूरकरांशी पूर्ण सहमत. इथेही पुष्कळजणी 'ड्रेडलॉक्स' टाळून 'लॉक्स' म्हणतात, पुढच्या 'ड्रेड'मध्ये भयाचा अर्थ आहे म्हणून. २०२२ साली केतांजी ब्राउन जॅक्सन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री झाल्या, त्यांचे केस अतिशय बारीक लॉक्सचे आहेत. त्यांचं छायाचित्र बघून माझी शेजारीण कितीतरी वेळ बोलत होती. कारण त्याच वर्षी मिशेल ओबामांनी सांगितलं होतं की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालाव्यात असं वाटूनही त्यांनी केस सरळच ठेवले, लोकांची तयारी नव्हती म्हणून. इतक्या उंचीवर पोचलेल्या बाईला हा हिशोब करावा लागला.

इतिहासाचा भाग फिल्ममध्ये असेल तर दोन नावं जपून लिहा. 'टिनयॉन' हा डोक्याला बांधायचा फडका. १७८६ साली स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानाचा गव्हर्नर मिरो यानं न्यू ऑर्लीन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस झाकायची सक्ती केली. त्यांनी भारी रंगीत कापडं घेऊन ते फडके असे काही बांधले की त्याचीच टूम झाली. म्हणून 'फडकं' नको, 'फेटा'ही नको, 'डोईबांधणी' बघा. दुसरं, मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकेनं केस सरळ करायचा गरम कंगवा शोधला असं सर्रास लिहितात, ते खरं नाही. त्यांनी डोक्याच्या त्वचेची निगा आणि केसवाढीची उत्पादनं विकली आणि हजारो स्त्रियांना त्यावर रोजगार दिला.

आणि एक आपल्या घराजवळचं. 'इंडियन हेअर' हे शब्द फिल्ममध्ये आले तर 'भारतीय केस' असं कोरडं लिहून सोडू नका. इथल्या दुकानांत ते मालाचं नाव आहे, केसांत गुंफायचे लांब सरळ केस. त्यातला मोठा वाटा देवळांत उतरवलेल्या केसांचा. तिरुपतीला आपल्याकडची कितीतरी कुटुंबं केस देऊन येतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, आणि नवसाचे केस इथे येऊन 'गुड हेअर' म्हणून विकले जातात. दोन्ही टोकांच्या बायकांना एकमेकींबद्दल काही माहीत नसतं.

प्रतिसाद (बेळगावहून)

हा विषय फक्त अमेरिकेचा समजू नये. कर्नाटकातल्या हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड इथे सिद्दी समाज आहे, आफ्रिकी वंशाचा, घरात कोकणी बोलणारा. हीच उपशीर्षकं उद्या एखादी सिद्दी मुलगी वाचेल. तिच्या डोक्यावरच्या केसांना आपल्या शब्दकोशात 'राठ', 'पिंजारलेले', 'झिपऱ्या' याखेरीज काय आहे? शब्द निवडताना ती समोर बसली आहे असं समजा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'मूळ वळणाचे केस', 'केस जपायच्या वेण्या', 'दोनपेडी पीळ' घेतले. 'लॉक्स' आणि 'रिलॅक्सर' तसेच. 'नॅपी'चं मात्र अडलंय. २००७ साली डॉन आयमस या रेडिओवाल्यानं रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडू मुलींना ही शिवी दिली, तो प्रसंग आहे. आणि पुढे एक बाई तोच शब्द स्वतःबद्दल अभिमानानं म्हणते.

प्रतिसाद (ठाण्याहून)

शिवीला 'झिपरी' आणि अभिमानालाही 'झिपरी'च. दोन्हीकडे एकच शब्द असला तरच तिनं तो हिसकावून घेतल्याचं कळेल.

प्रतिसाद (अटलांटाहून)

एकच शब्द हवा हे खरं, पण 'झिपरी' गोऱ्या मुलीलाही म्हणता येतं, न विंचरल्याबद्दल. 'नॅपी'त न विंचरण्याचा दोष नाही, जन्माचा आहे. दोन्ही ठिकाणी 'नॅपी' ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे "नॅपी, म्हणजे काळ्यांच्या केसांची शिवी" असं निवेदकाच्या ओळीत बसवा. जागा होईल.

मूळ प्रश्नकर्ती

बसते, मोजून बघितलं. शेवटचा एक. आई मुलीचे केस विंचरताना म्हणते, ती 'टेंडर-हेडेड' आहे. 'नाजूक डोक्याची'?

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

"डोकं हुळहुळं आहे तिचं." आमच्याकडे विंचरताना आया हेच म्हणतात.