मदत हवी आहे: वाळूच्या टेकडीवर सापळे एक सांगतात, चाळणी दुसरंच

नमस्कार मंडळी,

वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवर जमिनीलगत राहणाऱ्या संधिपादांवर माझा प्रबंध चालू आहे. भुंगेरे, मुंग्या, कोळी, विंचू, कसर, वाळूतली झुरळं, सगळेच त्यात आले. एक हंगाम संपला. आकडे हातात आहेत, पण त्यांच्यावर माझाच विश्वास बसत नाहीये. म्हणून इथे विचारते आहे.

3 टेकड्या निवडल्या होत्या. प्रत्येकीवर माथा, वाऱ्याकडचा उतार, आडोशाचा घसरता उतार आणि पायथ्याची झुडपं अशा 4 जागा, आणि दर जागी 3 पिटफॉल सापळे. म्हणजे प्लास्टिकचे पेले, काठ वाळूच्या पातळीत येईल असे पुरलेले. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि साबणाचे दोन थेंब, वर काड्यांवर टेकवलेलं छोटं छप्पर. एथिलीन ग्लायकॉल मुद्दाम टाळलं, कारण ते गोड लागतं आणि एखाद्या तहानलेल्या प्राण्याने प्यायलं तर जिवावर बेतू शकतं.

निकाल असा की माथ्यावरचे पेले काळ्या भुंगेऱ्यांनी भरलेले आणि झुडपांखालचे जवळजवळ रिकामे. आकडे जसेच्या तसे मांडले तर उघडा, तापलेला, सतत सरकणारा माथा हीच टेकडीवरची सगळ्यात गजबजलेली जागा ठरते. हे मला पटत नाही. झुडपाखाली सावली आहे, पालापाचोळा आहे, मुळांपाशी थोडी ओल आहे. शेवटच्या दिवशी सहज एका झुडपाखालची वाळू चाळणीत घेतली, तर कसरी, झुरळांची पिल्लं, पिवळ्या कडक अळ्या, छोटे कोळी असं बरंच काही वळवळत वर आलं. त्याच झुडपाखालच्या पेल्यात त्या आठवड्यात दोन मुंग्या होत्या!

मग सापळे चुकले, की मी ते चुकीचं वाचते आहे? आणि या हंगामाचे आकडे काही कामाचे आहेत, की सगळं पुन्हा करावं लागेल? मार्गदर्शक सध्या प्रवासात आहेत. ते परत येईपर्यंत निदान प्रश्न तरी नीट मांडता यावा असं वाटतं.

प्रतिसाद

ताई, सापळे चुकले नाहीत. ते जे मोजतात ते तुम्ही विचारलेलंच नाही, एवढाच घोटाळा आहे. पिटफॉलमध्ये पडतो तो चालणारा प्राणी. तिथे किती प्राणी राहतात यापेक्षा किती प्राणी तिथून किती फिरले, हे पेला सांगतो. मोकळ्या वाळूवर भुंगेरा रात्रभर सरळ चालत राहतो, त्यामुळे एकच भुंगेरा अनेक पेल्यांच्या वाटेत येतो. झुडपाखाली काड्या, पानं, मुळं आडवी येतात. शिवाय खायला जवळच मिळतं, मग फिरायचं कशाला? कसर आणि वाळूतली झुरळं तर बराच वेळ वाळूच्या आतच असतात. ती पेल्याच्या काठापर्यंत येणार कशी?

दोन गोष्टी विचारतो. पेले पुरल्यावर लगेच उघडले होते का? खणताना वाळू विस्कटते, आतले प्राणी हलतात, आणि पहिल्या काही दिवसांची पकड उगाच फुगते. पुरून, झाकण लावून काही दिवस तसंच ठेवायचं आणि मग उघडायचं, ही जुनी पद्धत आहे. दुसरं, घसरत्या उताराचे आकडे जपून वापरा. तो उतार साधारण 32 ते 34 अंशांचा, म्हणजे कोरडी वाळू जेमतेम टिकून राहते तेवढा. तिथे वरून घरंगळत आलेलं सगळंच पेल्यात जातं, चालत आलेलं वेगळं काढता येत नाही.

धागाकर्ती

माथ्यावरचे पेले त्याच संध्याकाळी उघडले होते. झुडपांखाली मुळांमुळे खणायला वेळ लागला, म्हणून ते दोन दिवसांनी. ही तफावत माझ्या लक्षातच आली नव्हती. तुम्ही विचारलंत म्हणून वही उघडून पाहिली.

आणि हो, दुरुस्तीच्या काळात दोन रात्री काही पेले कोरडेच ठेवले होते. सकाळी एकात फिकट रंगाचा सोल्पुगिड (कोळ्याच्या नात्यातला शिकारी प्राणी) बसला होता, मोठे जबडे हलवत. त्याच्याभोवती भुंगेऱ्यांच्या पाठीची चकचकीत कवचं आणि सुटे पाय, बाकी काही नाही. त्या दोन रात्रींची नोंद मी "भुंगेरे 0" अशी केली आहे. ती आता काढून टाकावी लागेल ना?

प्रतिसाद

काढूनच टाका. कोरड्या पेल्यात शिकारी आधी पडला तर उरलेल्यांचा हिशोब तोच करतो.

पण माथ्यावरची सगळी गर्दी खोटी आहे असं मात्र मानू नका. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या टेकड्यांवर झाडं अगदी विरळ आहेत, तरी काळ्या भुंगेऱ्यांच्या कितीतरी जाती तिथे सुखाने राहतात. वाऱ्याने दुरून उडत आलेला वाळक्या गवताचा चुरा घसरत्या उताराच्या पायथ्याशी साठतो. तो त्यांचा कोठार. त्यातली ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस ही जात धुक्याच्या पहाटे माथ्यावर चढते, डोकं खाली करून वाऱ्याला सामोरी उभी राहते आणि अंगावर जमून तोंडापर्यंत ओघळलेलं पाणी पिते. हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी 1976 मध्ये ते नोंदवलं. म्हणजे तिथे माथ्यावर जायला खरंच कारण असतं. तुमच्या टेकडीवर असं काही कारण आहे का, ते पाहा. पायथ्याशी चुरा साठतो का? भुंगेऱ्यांच्या पावलांच्या रांगा कुठून कुठे जातात?

आकडेमोडीचं सांगायचं तर 36 पेले म्हणजे 36 स्वतंत्र नमुने नव्हेत. तुमच्याकडे टेकड्या 3 आहेत. एकाच टेकडीवरचे पेले एकमेकांचे शेजारी, त्यांच्यावर वारा तोच, चंद्र तोच. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये ज्या खोट्या पुनरावृत्तीवर बोट ठेवलं ती हीच. संख्याशास्त्रीय प्रतिमानात टेकडी हा यादृच्छिक घटक (random effect) म्हणून घाला, म्हणजे टेकडीटेकडीतला फरक वेगळा धरला जाईल, आणि फक्त 3 टेकड्यांवरून मोठा दावा करू नका. मुंग्यांचं डोकं मोजू नका. पेला वारुळाच्या वाटेवर असला तर एका रात्रीत शंभर पडतील. त्या पेल्यात ती जात आहे की नाही एवढंच लिहा.

प्रतिसाद

विंचवांसाठी पेल्यावर अवलंबून राहू नका. अमावास्येच्या आसपास अतिनील टॉर्च घेऊन ठरावीक अंतर चाला, अंधारात विंचू हिरवट चमकतात. नुकतीच कात टाकलेले मात्र चमकत नाहीत. भर चांदण्यात अनेक जाती बाहेरच कमी येतात, म्हणून दर फेरीला तिथी लिहून ठेवा.

प्रतिसाद

पहिला प्रतिसाद माझाच होता. आता उपायाचं बोलतो. पत्र्याचं कडं करा, वाळूत खोल दाबून बसवा, वर हातभर उंच ठेवा. कड्याच्या आत पेले लावा आणि रोज पडलेलं काढत जा. आत काहीच पडेनासं झालं की उरलेली वाळू थर काढत चाळा. टेकडीच्या वाळूचा कण बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतो, त्यामुळे 1 मिलिमीटरच्या चाळणीतून कोरडी वाळू झरकन उतरते आणि प्राणी वर राहतात. तेवढ्या जागेत खरोखर किती होते ते असं कळतं. माथा आणि झुडूप दोन्हीकडे हे थोड्या ठिकाणी केलंत तरी जुने आकडे कसे वाचायचे ते उलगडेल. जुना हंगाम फेकू नका. कोणत्या जागी कोणत्या जाती फिरतात, हे तो अजूनही सांगतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. परवा जाऊन आले, 2 कडी माथ्यावर आणि 2 झुडपांखाली बसवली.

पहाटे उजाडताच माथ्यावर पोचले. तिरपा प्रकाश असला की वाळू वाचता येते. भुंगेऱ्याची वाट म्हणजे स्वल्पविरामांच्या दोन समांतर ओळी. अशी एकेक ओळ धरून मागे मागे गेले. वारा सुटायच्या आत 7 वाटा शेवटपर्यंत लागल्या, आणि त्यातल्या 5 पायथ्याच्या झुडपांपाशी वाळूत शिरल्या होत्या. म्हणजे माथ्यावर मी जे मोजलं ते रात्री वर फिरायला आलेले झुडपाखालचेच रहिवासी असावेत. 7 वाटांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे कळतं. तरी त्या पाचव्या वाटेच्या टोकाशी गुडघे टेकून बसले होते तेव्हा हाताला कापरं भरलं होतं.

झुडपांखालच्या कड्यांत चाळणीने माथ्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणी दिले. बहुतेक सगळे वरच्या वीतभर वाळूतले, पाचोळ्याला लागून. पिवळ्या कडक अळ्या तिथेही होत्या. त्या काळ्या भुंगेऱ्यांच्याच कुळातल्या आहेत एवढं ओळखता आलं, जात नाही. माथ्यावर फिरणाऱ्या भुंगेऱ्यांचीच ती पिल्लं असतील तर माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच सुटतो.

म्हणून 4 अळ्या जिवंत आणल्या आहेत, त्याच वाळूत आणि त्याच पाचोळ्यासकट, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात. भुंगेरा होईपर्यंत वाढवायच्या आहेत. कुणी वाढवल्या असतील तर सांगा: ओल किती ठेवायची? सगळी वाळू दमट केली तर बुरशी येईल अशी भीती वाटते. सध्या डब्याच्या एका कोपऱ्यातच पाण्याचे थेंब सोडते आहे, म्हणजे त्यांना हवं तिकडे सरकता येईल. काल रात्री दोघी त्या कोपऱ्यात होत्या, दोघी कोरड्या बाजूला.