विषय: हॉस्पिसला ‘हो’ म्हणायचं का?

प्रेषक: चिटणीस (एका सदस्येच्या वतीने)

मंडळी, नाव न देता लिहिते आहे, समजून घ्या. माझे सासरे हार्ट फेल्युअरचे पेशंट. गेल्या चार महिन्यांत तीनदा अ‍ॅडमिट झाले. दर वेळी इंजेक्शनं देऊन अंगातलं पाणी काढतात, पायांची सूज उतरते, आम्ही घरी येतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच धाप. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून दीड महिना खुर्चीत बसूनच झोपताहेत. परवा डॉक्टरांनी हॉस्पिसचं, म्हणजे आजार बरा होणार नसला की शेवटच्या काळात आराम देणाऱ्या सेवेचं, नाव काढलं. नवरा ताडकन म्हणाला, “म्हणजे तुम्ही हात टेकलेत.” घरी पोचेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. हे लोक प्रत्यक्षात करतात काय? आणि एकदा सही केली की परतीचे दोर कापले जातात का?

प्रेषक: माजी खजिनदार

ताई, वडीलकीच्या नात्याने स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या थोरल्या भावाला मॉर्फिन (अफूपासूनचं वेदनाशामक) सुरू केलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून ‘आराम पडेल’ हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. घाई नको.

प्रेषक: एक सदस्य (हॉस्पिस नर्स)

काका, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. मनात हेच धरून बसलेले आणि न बोलणारे फार असतात. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण पुष्कळ घरांत मॉर्फिन येतं तेच अगदी शेवटी, माणूस निघालेला असताना, आणि मग आळ औषधावर येतो. धापेसाठी ते अगदी थोड्या मात्रेत सुरू करतात आणि बेताबेताने वाढवतात. अशा मात्रेने श्वास बंद पडत नाही. श्वास कोंडल्याची जी घाबरगुंडी उडते ती शमते. पहिले एक-दोन दिवस गुंगी असते. मूत्रपिंडं थकलेली असतील तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. बद्धकोष्ठ मात्र हमखास, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवं. (ते राहिलं की रात्री अडीचला आमचा फोन वाजतो.)

ताई, आता तुमचा पहिला प्रश्न. हॉस्पिस म्हणजे बहुतेक वेळा इमारत नसतेच, माणसं तुमच्या घरी येतात. नर्स, डॉक्टर, अंघोळ घालायला मदतनीस, घरच्यांशी बोलायला समाजसेवक. रात्री-अपरात्री काही झालं तर अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी आम्हाला फोन. धाप, उलटी, घाबरेपणा, घशातली घरघर यांवरची औषधं आधीच घरात आणून ठेवलेली असतात, त्यामुळे फोनवर “डाव्या हाताची लहान बाटली घ्या” एवढं सांगितलं तरी भागतं.

दुसरं, आम्ही औषधं बंद करत नाही, निवडतो. पाणी काढणारी गोळी चालूच राहते, कारण आराम तिनेच पडतो. एका आजोबांकडे पहिल्या दिवशी गेले तर टेबलावर सतरा डब्या, त्यात पुढच्या दहा वर्षांचा विचार करून दिलेली कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा. डॉक्टरांशी बोलून नऊ उरल्या. आजोबा म्हणाले, “आता जेवायला पोटात जागा झाली.”

सासऱ्यांच्या छातीत, हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर हे आवर्जून विचारा. शेवटच्या तासांत ते आपलं काम करत राहतं आणि जाणाऱ्या माणसाला झटके बसू शकतात. फक्त शॉक बंद करता येतो, कापाकापी न करता. ही गोष्ट घरच्यांना कोणी आपणहून सांगत नाही याचा मला फार राग आहे.

आणि हो, परत फिरता येतं. नको वाटलं तर लिहून द्यायचं आणि पुन्हा इस्पितळाची वाट धरायची. तब्येत सावरली म्हणून हॉस्पिसमधून बाहेर पडलेले पेशंटही मी पाहिलेत.

प्रेषक: वाचनालय समितीचे एक सदस्य

आमच्या हिला हॉस्पिस मिळालं ते जेमतेम सहा दिवस. कॅन्सर होता. आम्ही शेवटच्या केमोच्या मागे धावत होतो. त्या सहा दिवसांत घरात पहिल्यांदा शांतता होती. ती खात नव्हती आणि मी चमचा घेऊन मागे लागायचो. नर्सबाईंनी चमचा काढून घेतला नाही, माझ्या हातात ओला स्पंज दिला. “ओठ ओले ठेवा, त्यांना तेवढंच हवंय.” शरीर मिटत आलं की भूक आधी जाते, बळेबळे भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, हे मला कोणी सहा महिने आधी सांगायला हवं होतं.

ती गेल्यावर वर्षभर त्यांचे फोन येत राहिले, माझी चौकशी करायला.

हॉस्पिस घेतलं की माणूस जास्त जगतो असंही वाचलंय. खरं का?

प्रेषक: एक सदस्य (हॉस्पिस नर्स)

काका, थोडं जपून. तुम्ही वाचलंत तो बहुधा २०१० मधला फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास. १५१ पेशंट होते. ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांच्या जोडीने पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी देखभाल) मिळाली ते ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९ (दोन्ही आकडे मध्यक, म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले). शिवाय त्यांचं मन कमी खचलं आणि शेवटी मारूनमुटकून केलेले उपचार कमी झाले. पण ती पॅलिएटिव्ह केअर होती, हॉस्पिस नव्हे. पॅलिएटिव्ह आजाराच्या पहिल्या दिवसापासून घेता येते, उपचार सोडावे लागत नाहीत. हॉस्पिस हा तिचाच शेवटचा टप्पा. आयुष्य वाढेल म्हणून मी कोणाला हॉस्पिस घ्या म्हणत नाही. घ्यायचंच तर लवकर घ्या, एवढं म्हणते.

हॉस्पिसची आजची पद्धत घालून देणाऱ्या सिसिली सॉन्डर्सबाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याआधी घड्याळ लावून औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह. आज आम्ही तेच करतो.

प्रेषक: माजी खजिनदार

वाचलं. भावाचं वेळापत्रक पुन्हा आठवून पाहिलं. मॉर्फिन सुरू केलं त्याच्या आदल्या दिवशीच त्याने ओळख देणं सोडलं होतं. इतक्या वर्षांत हे दोन दिवस मी जोडून पाहिले नव्हते.

प्रेषक: चिटणीस (त्याच सदस्येच्या वतीने)

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला मेल्स वाचायला दिल्या, तो काही बोलला नाही, पण प्रिंट काढून बाबांच्या खुर्चीजवळ ठेवल्या. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. छातीत यंत्र आहेच, त्याचं विचारणार आहोत. नर्सताई, बाबांचा तुम्हाला एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: “तुमच्या पलंगाची पाठ किती उचलते? मला खुर्चीतून उठायचंय.”