मदत हवी आहे: ४५व्या वर्षी दूरशिक्षणातून बी.ए. करायचंय, पण हात तीन तास लिहायला तयार नाही

निळी_शाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या, सगळं सांगितल्याशिवाय अडचण नीट कळणार नाही.

मी भांडुपला राहते. १९९८ला बारावी झाले, आर्ट्स, मराठी माध्यम. १९९९ला एफ.वाय. पास झाले आणि एस.वाय.च्या दिवाळीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात मी मोठी. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

गेली १९ वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. केसपेपर लावणं, डिस्चार्जच्या फायली, विम्याचे कागद, पोलीस केस असेल तर ती फाईल वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवणं. कुठल्या सालचा गठ्ठा कुठल्या रॅकवर आहे, हे मला डोळे मिटून सांगता येतं. मागच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा निघाली. अट होती, कोणत्याही शाखेचा पदवीधर. जिला मी हाताला धरून काम शिकवलं ती मुलगी आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करते. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल मनात काही नाही. पण त्या संध्याकाळी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. कोणाशी बोलवेना.

एकदा फसलेय, तेही सांगून टाकते. २०१९मध्ये स्टेशनजवळच्या एका 'सेंटर'ने एका वर्षात पदवी देतो म्हणून माझ्याकडून १२,००० रुपये घेतले. विद्यापीठ कुठल्याशा लांबच्या राज्यातलं होतं. चार महिन्यांनी गेले तर दाराला कुलूप. घरी कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं. त्यामुळे आता पाऊल टाकताना भीती वाटते.

आता खरी अडचण. मुलगा यंदा बारावीला आहे. मागच्या रविवारी त्याच्याच टेबलावर समोर बसले, फुलस्केप घेतले, एक जुनी प्रश्नपत्रिका मिळवली होती ती पुढ्यात ठेवली आणि मोबाइलवर तीन तासांचा गजर लावला. पहिलं उत्तर लिहायला घेतलं. दीड पान झालं आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की पेन खाली ठेवावं लागलं. इतकी वर्षं मी संगणकावर टाइप करतेय, नाहीतर रजिस्टरमध्ये एक ओळ लिहून सही करतेय. सलग पान लिहिलेलंच नाही. अक्षर पानाच्या शेवटी खाली घसरत गेलं. 'दृष्टिकोन' लिहिताना हात थांबला, दोनदा खोडलं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम बाई मला द्यायच्या, आणि आता हे अक्षर! पाऊण तासाने उठले. मुलगा काही बोलला नाही, त्याने फक्त कागद गोळा करून माझ्यासमोर नीट लावून ठेवले.

तर विचारायचं ते हे. इतक्या वर्षांनी लिहायला लागलेल्या कोणी तीन तासांच्या पेपरची सवय कशी केली? दुसरं, मुंबई विद्यापीठ, नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि एसएनडीटी या चारांतून माझ्यासारखीने कुठे जावं? माध्यम मराठीच हवं. इंग्रजी वाचते, पण इंग्रजीत दहा ओळींचं उत्तर लिहायचं म्हटलं की माझं मला कळेनासं होतं. आणि १९९९चं एफ.वाय. धरतील का, की पुन्हा पहिल्यापासून?

मिस्टर बेस्टमध्ये आहेत, ड्युटी पाळीची. सासूबाईंचं औषधपाणी माझ्याकडे. सकाळी साडेपाच ते सव्वासहा हा वेळ माझा, आणि भांडुप ते भायखळा गाडीत बसायला मिळालं तर तो.

डेपोवाला

ताई, मी ४१व्या वर्षी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, म्हणून हक्काने लिहितो.

आधी जुन्या एफ.वाय.चं. ते विसरा. आता श्रेयांकांचा, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या क्रेडिट्सचा, हिशेब अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात राहतो आणि तिथे जमा झालेले श्रेयांकही जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. तुमच्या वेळची वार्षिक पद्धत, तेव्हाचे विषय, हे आताच्याशी जुळणं अवघड. कोणी 'जुनं वर्ष ॲडजस्ट करून देतो' म्हणाला तर तो दुसरा १२,०००वाला समजा. पहिल्या वर्षापासून घ्या. मीही तसंच घेतलं आणि बरं झालं, सवय व्हायला तेवढा वेळ मिळाला.

फसवणुकीबद्दल. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कोणीही देऊ शकत नाही. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर केंद्रं चालवता येत नाहीत, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात दूरशिक्षणाची केंद्रं फ्रँचायझीने वाटायला मनाई आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डेबच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्राची मान्यताप्राप्त विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. नुसतं विद्यापीठ बघू नका, त्याच्यापुढे तुमचा बी.ए. आहे का तेही बघा. २०२४पासून प्रवेशाआधी स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो तुम्हीच काढा, दुसऱ्याच्या मोबाइल नंबरवर अजिबात नको. फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा.

पदवी कमी दर्जाची मानतील ही भीती असेल तर तीही काढून टाका. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तो कागद छापून एचआरला दाखवायला जवळ ठेवा. आणि तुमची बारावी झालेली आहे, ही मोठी जमेची बाजू. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना पुढे लॉ करता येत नाही. तुम्हाला ती आडकाठी नाही.

हिशेबनीस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन वर्षं घालवणारच आहात तर बी.ए. कशाला? बी.कॉम. करा. रुग्णालयात बिलिंग, विमा, सगळीकडे बी.कॉम.ला विचारतात. बी.ए. करून हातात काय येणार?

निळी_शाई

दादा, राग नाही. पण रुग्णालयाची अट 'कोणत्याही शाखेचा' आहे, मी तो कागद स्वतः वाचलाय. आणि मला आकडेमोडीत गती नाही. जे मनापासून वाचेन तेच पहाटे साडेपाचला उठून वाचेन.

पाटीपेन्सिल

मी २८ वर्षं रात्रशाळेत मराठी शिकवलं. दिवसभर कॅन्टीनमध्ये, गोदीत, दुकानात राबून आलेली पोरं समोर असायची. तुमच्या हाताची जी तक्रार आहे ना, ती मी दर जूनमध्ये ऐकली आहे. त्यामुळे विद्यापीठाचं बाकीच्यांवर सोपवते आणि हाताचं सांगते.

तुम्ही पहिल्याच दिवशी तीन तासांचा गजर लावलात, तिथे चुकलं. वर्षभर न चाललेला माणूस एकदम सिंहगड चढायला जात नाही. पहिला आठवडा रोज फक्त दहा मिनिटं लिहा, आणि स्वतःचं काही लिहू नका. समोर वर्तमानपत्र ठेवा आणि अग्रलेख जसाच्या तसा उतरवा. त्याने दोन गोष्टी होतात. सुचण्याचा ताण नसतो, म्हणून लक्ष फक्त हाताकडे राहतं. आणि 'दृष्टिकोन'सारखे शब्द डोळ्यांखालून जाऊन हातात बसतात. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग वीस. महिना झाला की परिच्छेद वाचायचा, वर्तमानपत्र मिटायचं आणि तोच मजकूर आपल्या शब्दांत लिहायचा.

पेन कसं धरता ते मुलाला बघायला सांगा. कळ अंगठ्याच्या मुळाशी येते म्हणजे बहुधा तुम्ही पेन आवळून धरताय. संगणकावरून आलेली माणसं हमखास तसं करतात. कोपर टेबलावर टेकलेलं हवं आणि हात खांद्यापासून सरकला पाहिजे. नुसत्या बोटांनी लिहिलं तर एका पानात थकवा येतो. पेन जरा जाड दांड्याचं आणि सहज वाहणारं घ्या, दाबून लिहावं लागणारं बॉलपेन नको. पान किंचित डावीकडे कललेलं ठेवलं की ओळ खाली घसरत नाही. दुखलं तर थांबा, कळ सोसून लिहू नका. तरीही राहिली तर डॉक्टरांना दाखवा, तुम्ही तर रुग्णालयातच आहात.

आणि एक. लांबलचक लिहिलं तरच गुण मिळतात, हे डोक्यातून काढा. पेपर तपासणाऱ्याला प्रश्नाचं उत्तर पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे. नेमकं दीड पान लिहिणारी विद्यार्थिनी पाल्हाळाने चार पानं भरणाऱ्याच्या पुढे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कळवा_लोकल

ताई, मी गेल्या वर्षी हीच चौकशी करत फिरले, तेव्हा मला जे कळलं ते देते.

मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण म्हणजे पूर्वीचं आयडॉल, १९७१पासून चालू आहे. आता नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र. कार्यालय कलिना संकुलात, डॉ. शंकर दयाळ शर्मा भवन. बी.ए.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मुळातूनच मराठीत, एकट्याने वाचून समजतील अशी लिहिलेली, आणि अभ्यासकेंद्रं मुंबईतही आहेत. एसएनडीटीचं दूरशिक्षण जुहूच्या संकुलातून चालतं, फक्त महिलांसाठी, वातावरण घरच्यासारखं. इग्नू चांगलंच, पण बी.ए.चं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. तिथली एक गोष्ट मात्र मला आवडली होती. ३० टक्के गुण घरून हाताने लिहून द्यायच्या असाइनमेंटना असतात. तुम्हाला माध्यम मराठीच हवंय म्हणून नाहीतर तेच सुचवलं असतं, लिहायचा सराव आपोआप झाला असता.

वेळेचा हिशेब असा. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय १२० तासांचा, सहा महिन्यांत रोज ४० मिनिटं. विषय चार-पाच. म्हणजे तुमच्या पहाटेच्या पाऊण तासात एक विषय बसतो, बाकीचे गाडीत आणि रविवारी. अवघड आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

कागदांचं आजच बघा! बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने असेल आणि आधार सासरच्या. डेब आयडी आधारवरून निघतो, तिथे नाव अडतं. बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला चालतो. माझ्याकडे तो नव्हता म्हणून मला राजपत्रात नाव छापून घ्यावं लागलं, त्यात बरेच दिवस गेले. गुणपत्रिका फाटली-हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी वाशीचं विभागीय मंडळ. मधल्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही लागू शकतं.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढून तीन आठवडे झाले, म्हणून काय काय झालं ते लिहितेय.

गुणपत्रिका सापडली. आईच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, वडिलांनी तेव्हा लॅमिनेट करून ठेवलेली. विवाह नोंदणीचा दाखला आहे. डेब आयडी मुलाने बसून काढून दिला, मोबाइल नंबर माझाच.

पाटीपेन्सिलबाई, तुमचं सांगणं तंतोतंत पाळतेय. रोज अग्रलेख उतरवते. कोपर टेकवायचं लक्षात ठेवावं लागतं, पण कळ पहिल्या आठवड्यातच कमी झाली. काल सलग २५ मिनिटं लिहिलं, सव्वादोन पानं झाली. शेवटची ओळ सरळ होती. सासूबाईंनी चष्मा लावून वाचून दाखवायला सांगितलं, वाचून दाखवलं.

पुस्तकं मराठीत म्हणून नाशिकचं मुक्त विद्यापीठ घ्यायचं ठरवलंय. शनिवारी अर्धा दिवस घेऊन केंद्रावर जाऊन आले. तिथल्या बाईंनी एक पुस्तक हातात दिलं, उभ्या उभ्या पाच-सहा पानं वाचली आणि समजली.

आता फॉर्म अर्धा भरून विषयांच्या पानावर थांबलेय. समाजशास्त्र आणि इतिहास, दोन्हींवर मन आहे. नोकरी करत ज्यांनी यातलं एखादं केलंय त्यांनी सांगा, एकट्याने वाचायला कुठलं सोपं जातं आणि कशात लिहिणं जास्त असतं? रविवारी रात्री फॉर्म भरून टाकायचाय.