लेकीकडे जर्मनीत वाणसामान मी आणणार आहे, भाषा मात्र जेमतेम

नौपाड्याची मावशी
नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत स्टुटगार्टला चालले आहे. व्हिसा ९० दिवसांचा आहे. जावई दिवसभर ऑफिसात आणि लेक बाळंतीण, म्हणजे दूध-भाजी आणायचं माझ्याकडेच येणार. यावंच, कारण चार भिंतींत बसून राहणाऱ्यातली मी नाही. इथे जांभळी नाक्याला कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून, दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय बाजार केल्यासारखं वाटत नाही मला.

जर्मनचा क्लास लावलाय. "माझं नाव अमुक, मी ठाण्यात राहते, माझा छंद पोहणे" इथवर गाडी आली आहे. पोहता येत नाही मला, पण बाईंना छंद हवाच होता. गल्ल्यावरची बाई काय विचारेल आणि आपण काय सांगायचं, हे त्या पुस्तकात अजून आलेलं नाही. लेक म्हणते, मोबाइलचा कॅमेरा धर, सगळं भाषांतर करून दाखवतो. भर दुकानात प्रत्येक डब्यासमोर मोबाइल धरून उभं राहायचं का?

तर तिथे बोलावं किती लागतं? आणि पोळ्यांचं पीठ, रवा, तूप साध्या दुकानात मिळतं की त्यासाठी भारतीय दुकान गाठायचं?

ऐरोलीकर
मावशी, मी स्टुटगार्टलाच होतो. बोलावं जवळजवळ लागतच नाही, वाचावं लागतं. क्लासबरोबर पाकिटांवरचे शब्द पाठ करा.

गल्ल्यावर साधारण तीनच प्रश्न येतात: पॉइंटचं कार्ड आहे का, पैसे रोख की कार्डाने, पावती हवी का. पहिल्याला "नाइन", म्हणजे नाही. दुसऱ्याला "मिट कार्टे, बिटे". तिसऱ्याला "नाइन, डांके". सुरुवातीला "हालो", निघताना "च्यूस". संपलं संभाषण. रक्कम समोरच्या पडद्यावर दिसतेच, आणि ऐकू आली तरी घाबरू नका. पंचवीसमध्ये ते आपल्यासारखेच पाच आधी बोलतात नि वीस नंतर. इंग्रजी शाळेतल्या पोरांपेक्षा तुम्हाला सोपं जाईल.

खरी धांदल उडते ती वेगाने. ती बाई भराभर स्कॅन करून वस्तू पुढे ढकलते आणि मागे रांग असते. तिथे पिशवी भरत बसायचं नाही. सगळं परत ट्रॉलीत लोटायचं आणि बाजूला जाऊन निवांत भरायचं. ट्रॉलीच्या साखळीसाठी एक युरोचं नाणं कायम पर्समध्ये ठेवा, ट्रॉली जागेवर लावली की परत मिळतं. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. बाटली चुरगळू नका, मशीनला त्यावरची खूण वाचता आली पाहिजे.

भाव करता येणार नाही, पण किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. घासाघीस त्यावर करा, मनातल्या मनात.

दुकानं रविवारी बंद. शिवाय ६ जानेवारीला त्या राज्यात सणाची सुट्टी असते, तेव्हाही बंद.

वाशीची, सध्या हॅम्बुर्ग
पिठाचं मी सांगते. पुड्यावर "टाइप" आणि आकडा असतो. ४०५ म्हणजे आपला मैदाच समजा. १०५० त्याहून काळपट, आणि "फोलकोर्न" म्हणजे कोंड्यासकट. १०५० आणि फोलकोर्न निम्मं-निम्मं घेतलं तर पोळी होते, पण खरं सांगू, ती दुमडताना तुटते. आटा भारतीय दुकानातूनच आणायला सांगा.

रव्याला "हार्टवायत्सनग्रीस" बघा, उपम्याला तोच बरा. जिऱ्याला "क्रॉयत्सक्युमेल" असं अख्खं नाव हवं. नुसतं "क्युमेल" असेल तर हात लावू नका, ते दिसतं जिऱ्यासारखंच पण वास वेगळा, वरणाची वाट लागते. चक्क्याऐवजी "क्वार्क", त्यातला ४० टक्के फॅट लिहिलेला घेतलात तर श्रीखंड झकास. साध्या लोण्याचं तूप घरीच कढवा. भारतातून तूप आणू नका, दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. ओला कढीपत्ताही नको.

बाळंतिणीसाठी शेपू लागेल ना? तो कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, "डिल" नावाने. आणि कोथिंबिरीसाठी तुर्की दुकान शोधा. जुड्या मोठ्या आणि स्वस्त. वास घेतलात तरी कोणी वळून बघणार नाही.

घोडबंदरवाला
कॅमेऱ्याला एवढं नाक मुरडू नका, मावशी. शाकाहारी असाल तर "झेलाटीने" (जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात) हा शब्द शोधायला तोच कामाला येतो. जेलीच्या गोळ्यांत ते बहुतेक असतं, काही दह्यांतही निघतं.

नौपाड्याची मावशी
शेपू मिळतो म्हणजे माझं निम्मं ओझं उतरलं, इथून वाळवून न्यायच्या विचारात होते. कॅमेरा दह्यापुरता वापरेन, पोटात काय जातं ते कळायलाच हवं. "मिट कार्टे, बिटे" कालपासून ओट्याशी घोकतेय, नातू विचारतो, आजी गाणं म्हणतेस का.

पण ऐरोलीकर, ६ तारखेचं सांगितलंत ते फार बरं केलंत. माझं विमान ५ च्या रात्री उतरतंय आणि ६ ला सकाळीच बाजाराला निघायचं ठरवलं होतं. जावयांना आत्ताच फोन करते, दूध आणि बटाटे आदल्या दिवशीच भरून ठेवा म्हणून.